कोर्लईच्या पुढे

रविवारच्या सायकलफेरीतल्या रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी माझ्या बर्फाच्या कारखान्यात एका नाखव्याशी दरावरून हुज्जत घालत होतो. "शेठ, ताई गेल्या... झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "अशा कशा गेल्या? माझं भांडण राहिलंय!" आता महिना होत आला. राग गेलेला नाही, पण रागावण्याचंही बळ उरलेलं नाही.

नलिनीताई विलायतेत जन्मभर नर्स होत्या आणि तिथेच क्वेकर झाल्या. ख्रिस्ती लोकांतला हा छोटा पंथ. त्यांनी सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि ज्याला आतून काही उमटेल त्यानं बोलायचं, एवढीच प्रार्थना. रेवदंड्याला परतल्यावर असं बसायला माणसं मिळेनात, म्हणून ताईंनी गप्प बसण्याला चाकं लावली. दर रविवारी सकाळी मूठभर सायकली साळावच्या पुलावरून कोर्लईपर्यंत निघायच्या, एक अक्षर न बोलता. कोणाला बोलावंसंच वाटलं तर त्यानं घंटी वाजवायची. सगळे एक पाय टेकून थांबणार, ऐकणार. उत्तर कोणी देणार नाही. कोर्लईला एकमेकांचा हात हातात घ्यायचा, मग बोलायला मोकळे. ताईंशी माझी ओळख झाली ती भांडणातूनच. त्यांच्या सायकलींनी माझा टेम्पो अडवला म्हणून मी उतरून घसा फोडला. कोणी ब्र काढला नाही. वर ताईंनी हात पुढे केला! मी म्हटलं, "गप्प राहायला सायकल कशाला? घरी बसा की." टेम्पोवरचं माझं नाव वाचून त्या म्हणाल्या, "घरी सगळेच गप्प असतात, दामोदर. शेजारी माणूस असताना राहून बघ." सगळं बंदर मला शेठ म्हणतं. त्यांनी कधी म्हटलं नाही. पुढच्या रविवारी मीही सायकल काढली.

काशीदच्या वाटेवर, कोर्लईच्या पुढे बोर्ली. तिथं माझा धाकटा भाऊ राहतो. आईच्या नावाची होडी त्यानं मला न विचारता विकली, तेव्हापासून मी त्या गावात पाय ठेवलेला नव्हता. पावसाळा सरला की ताई विचारायच्या, "यंदा काशीदपर्यंत जाऊ या?" सगळे हो म्हणायचे, मी नाही. त्यांच्या पंथात मतं मोजत नाहीत. एकाचं मन नसेल तर सगळे थांबतात. मी मुद्दे जुळवून तयार असायचो. ताई नुसतं म्हणायच्या, "बरं, थांबू." एकदा मी ओरडलो, "जा ना तुम्ही! मी वळतो इथून." "मग ती आपली फेरी कशी?" म्हणत त्यांनी सायकल वळवली. पुढे त्यांचे गुडघे गेले. काशीद राहिलंच... हा माझ्यावर अन्याय आहे. त्या भांडल्या असत्या, तर ‘बोर्लीतून जाऊ, पण थांबायचं नाही’ एवढ्यावर मी नक्की आलो असतो. समोरचा दोरी ओढतच नसेल तर माणसानं सोडायचं तरी कसं?

गेल्या रविवारी कोर्लईला नेहमीसारखे सगळे थांबले. कोणी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "काशीदला जाऊ. पण बोर्लीत थांबायचं न्हाय, आधीच सांगतो."

रशीदभाई म्हणाले, "बरं."

बोर्लीत भाऊ ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे झालेले. मी मान खाली घालून पायडल मारत होतो... आणि घंटी वाजली. माझीच. अंगठा कधी दाबला गेला, कळलं नाही. पुढच्या सायकली थांबल्या, प्रत्येकानं एक पाय टेकला. भावानं वर बघितलं. "कोण, दादा?... आणि सायकलवर?"

मी रशीदभाईंकडे बघितलं, तर ते शांतपणे समुद्राकडे बघत होते. मदतीला कोणी येणार नव्हतं, आणि मी बोलेपर्यंत कोणी हलणारही नव्हतं. ताईंचा मला तेव्हाही रागच आला.