रिकाम्या फाइलीतलं नाव

पाण्याची तपासणी करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून दरवानकाका साहेब झाले नाहीत, रसायनतज्ज्ञ झाले नाहीत, आणि खरं सांगायचं तर दरवानही कधी नव्हते. फाटकावर वेगळा माणूस होता, त्याला शिट्टी आणि खुर्ची दोन्ही होत्या. काका सांभाळायचे ते जिन्याखालच्या थंड खोलीतलं मोठं लिनक्सचं मशीन. सगळ्या मजल्यांवरचे संगणक त्याच मशीनला जोडलेले होते. पण त्यात कोण शिरलं, किती वाजता शिरलं आणि कधी बाहेर पडलं, यावर त्यांची अशी काही नजर असे की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांनीही ते आवडीने मिरवलं.

सकाळी कोणी जिना चढताना दिसलं की नमस्काराच्या जागी काका म्हणायचे, "काल पाच चाळीसला गेलात." समोरच्याला आपण कधी गेलो ते आठवत नसे, काकांना पाठ. संध्याकाळी घरी निघण्याआधी ते पडद्यावर 'हू' असा तीन अक्षरी इंग्रजी हुकूम देत. आत कोण कोण आहे याची यादी येई. मग काका चपला सरकवत तिन्ही मजले फिरत आणि जो खुर्ची सोडून चहाला गेला असेल त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवत, 'दार उघडं आहे.' काही जण वैतागत. एकाने एकदा चिठ्ठीखाली लिहून ठेवलं होतं, 'हवा येऊ द्या.' काकांनी ती चिठ्ठी फेकली नाही, वहीत डकवली.

ती वही म्हणजे काकांचा जीव. तपकिरी कव्हराची, कोपरे मऊ पडलेली. मशीनमध्ये काहीही बदल केला, कोणाला नवी परवानगी दिली, जुनी काढली, की तारीख घालून वहीत नोंद. "मशीन विसरत नाही आणि वही विसरू देत नाही," असं ते नव्या लोकांना ऐकवत. नव्या लोकांना समजावण्याची त्यांची रीतही ठरलेली होती. तुम्ही पासवर्ड टाकून आत आलात की मशीन तुमच्या नावाने एक सत्र उघडतं. तुमची हजेरी दोन जागी लागते. एक यादी फक्त आत्ता आत असलेल्यांची. दुसरी जुनी, आल्या-गेल्याची, ती पुसायची नसते. तुम्ही गेलात की सत्र बंद, आणि तुमची उरलीसुरली कामंही सहसा तिथेच थांबतात. "पाहुणा उठला की ताट उचलायचं, इतकं सोपं आहे," काका म्हणत.

पहिल्या मजल्यावर एक तंत्रज्ञ होती. तिला सगळे थेंबताई म्हणत, कारण नळीतून पडणारा एकेक थेंब ती ओठ हलवत मोजायची आणि मध्ये कोणी बोललं तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सहा वर्षं कंत्राटावर होती. दर वर्षी कागद नवा व्हायचा आणि दर वर्षी त्या महिन्यात तिची झोप उडायची. काकांचा तिच्यावर लोभ होता. दोघांचा स्वभाव एकच, बारीकसारीक गोष्टीत जीव अडकवणारा. ती काकांना काका म्हणे ते तोंडदेखलं नव्हे.

तिचा कागद नवा व्हायच्या त्याच महिन्यात ते घडलं. चार नंबरच्या टाकीच्या पाण्याचे आकडे मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंनी फेरतपासणी करून दुरुस्त केले होते. थेंबताईला ते पटलं नव्हतं. माझे पहिले आकडेच बरोबर आहेत, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि आवाज जरा चढला होता. हे शुक्रवारी. सोमवारी पाहतात तो सामायिक फाइलीत दुरुस्त आकडे गायब, तिचे पहिले आकडे परत जागेवर. बदल शनिवारी दुपारी एक वाजता, आणि बदलणाऱ्याच्या जागी नाव थेंबताईचं. शनिवारी प्रयोगशाळा बंद होती.

साहेबांनी बुधवारी तिघांना बोलावलं. थेंबताई, मुख्य बाई आणि दरवानकाका.

"मी आकड्यांना हात लावलेला नाही," थेंबताई म्हणाली. "शनिवारी मी घरी होते. घरी संगणकही नाही माझ्याकडे."

"शनिवारी ही मशीनमध्ये होती का, एवढंच सांगा," साहेब काकांना म्हणाले.

काकांनी मशीनच्या नोंदींचा कागद छापून आणला होता. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं, "शनिवार, अकरा वाजून बारा मिनिटं. हिच्या नावाने सत्र उघडलं. त्यानंतर बंद झाल्याची नोंद नाही."

"काका, मी खरंच नव्हते."

आणि काका, ज्यांनी आयुष्यात कोणाचं मन मुद्दाम दुखवलं नव्हतं, ते म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही गं."

थेंबताईने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी पत्र दिलं. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा, नाहीतर कंत्राट संपल्यावर नवा कागद नाही. शिवाय खोटे आकडे भरल्याचा शेरा, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेचं दार बंद.

त्या दिवशी घरी काकांना जेवण गोड लागलं नाही. बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तिच्यापासून काही लपत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मटार सोलता सोलता तिने सगळं काढून घेतलं.

"शनिवारी अकराला तुम्हीच गेला होतात ना तिकडे? वीजवाल्यांचं काम झाल्यावर मशीन सुरू करायला?"

"हो."

"किती वाजता सुरू केलंत?"

काका बोलायला गेले आणि थांबले. वही पिशवीतच होती. त्यांनी ती उघडली. त्यांच्याच अक्षरात होतं, 'मशीन चालू, अकरा वाजून बारा.'

"म्हणजे तुम्ही बटण दाबलंत आणि ती पोरगी त्याच मिनिटाला आत," बायको म्हणाली. "दबा धरून बसली होती की काय?" आणि तिने पुढची शेंग घेतली.

चहा तसाच टाकून काका निघाले.

थंड खोलीत बसून त्यांनी आधी ती जुनी आल्या-गेल्याची यादी काढली, जी बुधवारी काढायला हवी होती. थेंबताई शुक्रवारी पाच पस्तीसला गेलेली. त्यानंतर थेट सोमवार. शनिवारी तिचं नावच नाही. मग त्यांनी छापलेली ओळ पुन्हा वाचली, या वेळी सुरुवातीपासून. सत्र कोणी मागितलं ते ओळीच्या डावीकडे लिहिलेलं असतं. माणूस खुर्चीत बसून आला तर एक शब्द, दुरून आला तर दुसरा. इथे दोन्ही नव्हते. हे सत्र मशीनने स्वतःच, सुरू होताना, तिच्या नावाने उघडलं होतं. एकतीस वर्षं हजेरी वाचणाऱ्या माणसाने अर्धीच ओळ वाचली होती.

पण मशीन असं आपणहून कोणासाठी सत्र उघडत नाही. त्याला कोणीतरी सांगून ठेवावं लागतं. हे कुठे सांगितलेलं असतं ते काकांना ठाऊक होतं. 'लिंगर' नावाचा एक कप्पा असतो. ज्याला गेल्यावरही मुक्कामाची परवानगी आहे, त्याच्या नावाची एक फाइल त्यात पडलेली असते. काकांनी कप्पा उघडला. एकच फाइल. नाव थेंबताईचं. आत एक अक्षर नाही, नुसतं नाव. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मग सगळं आठवलं. जुन्या यंत्राचं मोजमाप वीस-वीस तास चालायचं आणि ती घरी गेली की सत्राबरोबर तेही बंद पडायचं. ती रडकुंडीला आली होती. काकांनी एका हुकमात मुक्कामाची परवानगी दिली होती आणि तिने त्यातच आपोआप चालणारं एक काम लावलं होतं, दर शनिवारी एक वाजता जुन्या यंत्राचे आकडे सामायिक फाइलीत उतरवायचं. वर्षभराने नवं यंत्र आलं. तेव्हा ती याच दारात उभी राहून म्हणाली होती, "काका, ती परवानगी आता काढून टाका, सगळं बंद होऊ दे." काका म्हणाले होते, "काढली समज." वहीत नोंद नव्हती. देतानाची नाही आणि काढतानाची तर नाहीच, कारण काढलीच नव्हती. दोन वर्षं त्या कामाला उतरवायला काही मिळालं नाही म्हणून ते गपगुमान होतं. गेल्या आठवड्यात नवं यंत्र दुरुस्तीला गेलं, जुनं कपाटातून बाहेर निघालं, तिने चार नंबरच्या टाकीचं पाणी त्यावरच मोजलं, आणि शनिवारी एक वाजता ते इमानदार काम आपलं कर्तव्य करून मोकळं झालं.

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एक हुकूम दिला की ती फाइल नाहीशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग साहेबांना सांगता आलं असतं, मशीनमध्ये काही गडबड होती, मुलीचा दोष दिसत नाही. तीही सुटली असती, काकाही. हे त्यांच्या मनात आलं, आणि आलं नव्हतं असं ते पुढेही कधी म्हणाले नाहीत. पण 'गडबड होती' म्हटल्यावर शेरा पुसला जात नाही, नुसता फिका होतो, हे त्यांना कळत होतं. लोक म्हणाले असते, काकांनी पोरीला सांभाळून घेतलं. त्यांनी फाइलीला हात लावला नाही. वहीत तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि समासात आजच्या तारखेने नोंद लिहिली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी साहेबांना, मुख्य बाईंना आणि थेंबताईला खाली बोलावलं. तीन खुर्च्या मावतील एवढीच खोली. थेंबताईला त्यांनी कळफलकापासून लांब, भिंतीशी बसवलं.

"हात मांडीवर ठेव. आणि आता कशालाही हात लावू नकोस."

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांना मशीनमधून बाहेर पडायला सांगितलंय. मी मशीन बंद करून पुन्हा सुरू करतोय. तुम्ही फक्त हिच्या हातांकडे बघा."

पंखे थांबले, खोली एकदम शांत झाली, मग पुन्हा घरघर सुरू झाली. काकांनी आपला पासवर्ड टाकला आणि नोंदी पडद्यावर आणल्या. एक वाजून बावीस मिनिटं, थेंबताईच्या नावाने सत्र उघडलं. त्याच्या खाली, एक वाजून तेवीस, काकांच्या नावाने.

साहेबांनी पडदा वाचला. मग मागे वळून पाहिलं. थेंबताई भिंतीशी बसली होती, हात मांडीवर.

"मशीन खोटं बोलत नाही, हे बरोबर आहे," काका म्हणाले. "मी अर्धंच वाचलं. आणि ते असं उघडतं, कारण तीन वर्षांपूर्वी मी तशी परवानगी दिली. काढायला हिने मला सांगितलं होतं. मी काढतो म्हटलं आणि विसरलो. आकडे बदलले ते माझ्या विसरण्याने. हे मी लिहून आणलंय."

साहेबांनी कागद घेतला, दोनदा वाचला. "वहीत नव्हतं हे?"

"नव्हतं."

मुख्य बाई म्हणाल्या, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण." कोणी हसलं नाही. साहेबांनी पत्र तिथेच मागे घेतलं. काकांना लेखी समज मिळाली, एकतीस वर्षांतली पहिली, ती त्यांनी घडी करून वहीत ठेवली.

थेंबताई उठली. दारात थांबून म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंत, काका. मशीनला विचारलंत, मला नाही."

काकांना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही. नुसती मान हलवली.

तिचा कागद नवा झाला. काकांनी ती परवानगी काढली, तारीख घालून नोंदवली. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात ते कोणाला कालची वेळ सांगेनासे झाले. नुसतं नमस्कार म्हणत. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होई. थेंबताई समोरून आली की ते चपलेकडे बघत, ती मान तुकवून वर जाई. असे तीन आठवडे गेले.

मग एका सकाळी ती जिना चढता चढता मागे फिरली आणि थंड खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. काका वही उघडत होते.

"काल सहा दहाला गेले मी," ती म्हणाली. "बघा काका, बरोबर आहे का?"

पडदा समोरच होता. यादी एका हुकमावर होती. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

"तू म्हणतेस ना," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलं, सहा दहा.