करंगळी सोडून

देऊळघाटच्या निवृत्तीला आपल्या गळ्यातल्या पट्ट्याची किळस यायची. गावात दाढी-कटिंगचं दुकान चालवून त्याला चाळीस वर्षं झालेली, मान कायम खाली. उजव्या हाताची बोटं बधिर पडायला लागली तेव्हा एका डॉक्टरने मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेत म्हणाला आणि तो स्पंजाचा पट्टा गळ्यात अडकवून दिला. हाताकडे त्याने पाहिलंही नाही.

आठ महिने गेले. गिऱ्हाइकांचे बारीक केस पट्ट्यात शिरत, घामाने चिकटत, टोचत. उन्हाळ्यात त्याला ओल्या बोळ्यासारखा आंबूस वास सुटला. बायको पुष्पाबाई तो धुवायला नेताना दोन बोटांच्या चिमटीत धरी. गळ्याभोवती पुरळ उठलं, बोटं मात्र तशीच. पहाटे हात मेल्यासारखा होई, झटकला की जरा बरं वाटे. गावातल्या एकाने मान मोडून दिली, दुसऱ्याने काळं, जळकट तेल चोळलं. त्या तेलाच्या वासाने निवृत्तीला घास जाईना.

मग एक दिवस वस्तरा हातातून निसटला आणि भगवंतरावांच्या कानाची पाळी चिरली. भगवंतराव जुनं गिऱ्हाईक. उठताना पट्ट्याकडे बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला. शिव्या दिल्या असत्या तरी निवृत्तीला एवढं लागलं नसतं.

पुष्पाबाईने त्याला चिखलीला नेलं. तिथल्या डॉक्टर अनुपमाबाईंनी आधी पट्टा काढायला लावला. मान सगळीकडे वळवून, डोक्यावर दाब देऊन पाहिलं. हातात कळ उतरली नाही. मग विचारलं, "बधिर कोणती बोटं होतात?"

"सगळीच."

"करंगळीसुद्धा?"

निवृत्तीने कधी लक्षच दिलं नव्हतं. करंगळी शाबूत होती. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच बधिर होई. बाईंनी दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून, मनगटं वाकवून धरायला सांगितले. मिनिटभरात मुंग्या आल्या, अगदी त्याच बोटांत. मनगटातली नस दबलीय, त्या म्हणाल्या. दुखणं मानेचं असतं तर कळ दंडातून खाली आली असती, मान वळवली की वाढली असती. आणि या वयात झिजलेले मणके बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतातच. अंगठ्याखालचा मांसल भाग वाळला होता, तोही त्यांनी दाखवला. उशीर झाला होता.

"मंग हे घाणेरडं आठ महिने मी काऊन घालून राह्यलो?"

पुष्पाबाई म्हणाली, "कोनतं बोट, हे कोनीच इचारलं नाही. मी बी नाही."

दवाखान्याबाहेर पट्टा कचऱ्यात फेकून निवृत्तीने नळावर मान खसखसून धुतली. मग पुन्हा एकदा धुतली. आता किळस पट्ट्याची कमी आणि स्वतःची जास्त होती. दुसऱ्याच्या गालावरचा एक केस न सोडणाऱ्याने आपलीच बोटं कधी नीट पाहिली नव्हती.

मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, पहाटेची झोप परत आली. अंगठ्याचा जोर मात्र पुरता आला नाही. सदऱ्याचं वरचं बटण पुष्पाबाईच लावून देते. निवृत्ती आता नुसते केस कापतो. कोणी दाढीचा आग्रह धरला, तर त्याला समोरच्या दुकानात पाठवतो.