असली सांता

नव्वदच्या दशकात गुडगावला उंच इमारती उभ्या राहिल्या आणि तिथली माणसं नाताळच्या खरेदीला दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या खेळण्यांच्या आणि सायकलींच्या दुकानात येऊ लागली. पैसा नवा होता, उर्मटपणा जुनाच. नाताळ त्यांना टीव्हीवरून कळला होता.

एका बाईंनी गिअरची लाल सायकल पसंत केली आणि पंचवीस तारखेला सकाळी घरी पोचवा म्हणाल्या.

बाबा म्हणाले, "उस दिन हम चर्च जाते हैं."

"आप क्रिश्चन हो? हमें तो लगा मराठी हो!"

"दोनों हैं जी." आम्ही मूळचे नगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती.

बाई खूश झाल्या. "फिर तो आप ही सांता बनके आइए. बच्चों को असली लगेगा!"

माझ्या साठीच्या वडिलांना कापसाची दाढी लावून त्या बाईला पार्टीत नाचवायचं होतं. मी काउंटरमागे दात खात उभी होते. बाबांनी शांतपणे सायकल आत नेली. "ये तो बिक चुकी है," ते म्हणाले. बाई पाय आपटत गाडीत जाऊन बसल्या.

सायकल होळीपर्यंत खपली नाही. खोटं बोललो म्हणून बाबांनी देवाची क्षमा मागितली. मला तशी गरज वाटली नाही.