सुवर्णानं लिहिलेली ओळ

हे मी कुणालाच बोललेलो नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुवर्णाला ओळखत नाही.

सुवर्णा बेळगुंदीची. बेळगावात आमच्या शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात माझ्या हाताखाली लागली. मी तिथं बारा वर्षं खुर्ची झिजवलेली. आणि ही काल आलेली पोरगी — प्रवेशाची रडत चालणारी वेबसाइट हिनं पळवली. मधे एक प्रॉक्सी सर्व्हर बसवला. कुणी एकदा पान उघडलं की तो ते जवळ ठेवतो, पुढच्याला तेच काढून देतो. साधी गोष्ट. मला का सुचली नाही? साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मला कधी पाजला होता? जळलो. लई जळलो.

आता... कसं सांगू? आमची पानं कन्नड आणि मराठी, दोन्हीत, पण पत्ता एकच. म्हणून भाषेप्रमाणं पान वेगळं ठेवायचं, अशी एक ओळ तिनं सेटिंगमध्ये लिहिलेली. पासवर्ड दोघांकडं होता. ती जेवायला गेली आणि ती ओळ — मी काढली. मीच.

दुसऱ्या दिवशी मराठी अर्ज मागणाऱ्यांना कन्नड अर्ज दिसायला लागला. आमच्या भागात याचा अर्थ काय होतो, सांगायला हवं का? पालक काउंटरवर भांडायला आले. मुद्दाम केलंय, म्हणाले. दुपारी कन्नड पालक आले, त्यांची तक्रार उलटी. सुवर्णा साठवलेली पानं पुसायची, मग पहिला माणूस ज्या भाषेत उघडेल तीच सगळ्यांना. तीन दिवस ती धड जेवली नाही. मी शेजारी बसून सांगायचो, परत पुसून बघ गं. बरं वाटत होतं मला — हो, बरंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी तिला दिसलं, ओळच नाही. "अण्णा, माझ्याच हातनं पुसली गेली वाटतं," म्हणाली. माझा संशय तिच्या मनातसुद्धा आला नाही. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? साहेबांपुढं तिनं चूक लिहून दिली. नवी आहे, काढू नका, एवढं मी साहेबांना म्हटलं. तिची बदली खानापूरच्या शाखेत झाली आणि प्रॉक्सी माझ्याकडं आला.

जाताना म्हणाली, "तुम्ही सांभाळून घेतलासा, अण्णा. न्हायतर नोकरी गेली असती."

मी म्हटलं, "असू दे गं. चुका होत्यातच."

परवा कळलं, खानापुरात तिचं चांगलं नाव झालंय. ऐकून पोटात दुखलं. अजून दुखतंय.