ट्रॉली शांताबाईच्या दारापर्यंत

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अंजनाबाईंना, कुणी समाजसेविका म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "मी कोनाची सेवा नाही केली. मी फक्त भांडली," असं त्या तोंडावर सांगतात. आणि यात खोटं काही नाही. त्या नळावर भांडल्या, रेशनच्या दुकानात भांडल्या. माझं लग्न ठरलं तेव्हा माझा बाप आंदण म्हणून फ्रीज देणारच म्हणत होता, तर सासूबाई तुमसरला त्याच्याच घरी बसून, घेणार नाही म्हणून त्याच्याशी भांडल्या. मला तेव्हा वाटलं होतं, या बाईच्या घरात आपली हाडं काही शिल्लक राहत नाहीत. राहिली. उलट आता मीही बऱ्यापैकी भांडायला शिकले आहे.

आमचा बोधीपारा, पारा म्हणजे वस्ती, रायपुरात उरला नावाच्या औद्योगिक भागात, कारखान्यांमागे आहे. एक लांब गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, शेवटी नाला. अर्धी घरं भंडारा-नागपूरकडून रोलिंग मिलच्या कामाला आलेल्या आमच्या बौद्ध लोकांची, अर्धी छत्तीसगढी. धूळ म्हणाल तर सकाळी पुसलेल्या पायरीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. तरी पारा सोडायला कुणी तयार नाही, कारण मिल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. माझा नवरा लोकेश पाळी सुटली की चालत घरी येतो. दूर राहायला गेलो तर त्याचा निम्मा दिवस रस्त्यातच जाईल.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजींचं नाव धर्मपाल. मिलमधून निवृत्त झाले, पण आवाज अजून मिलमधलाच आहे. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर आमचं, आणि घरापुढे मामाजींनी स्वतः बांधलेला ओटा. गल्लीत सगळ्यांनीच घरापुढे ओटे काढले होते, पण हा सगळ्यांत मोठा. मामाजी जयंती समितीचे अध्यक्ष. दर चौदा एप्रिलला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर सजवून मिरवणूक निघते, उरल्याचा सगळा भाग फिरून आमच्या ओट्यापाशी थांबते, आणि ओट्यावर उभं राहून मामाजी भाषण करतात. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला सांगण्यात आलं, ट्रॉली इथंच थांबते, अशी रीतच आहे. मी मान डोलावली. सगळेच डोलवत आले होते.

मग एका हिवाळ्यात नगर नियोजन विभागाच्या अनुश्री मॅडम वस्तीचा नकाशा घेऊन आमच्या बुद्धविहारात आल्या. चौबे कॉलनीत राहणारी मराठी घरातली मुलगी. आम्ही बोललेलं सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. बोलायला सरळ होत्या, गोड गोड काही नाही. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, वस्ती इथंच राहील, घरोघरी पाण्याचा नळ येईल, जमिनीखालून नाली जाईल, आणि घराच्या जागेचा पट्टा बाईमाणसाच्या नावे मिळेल. पण त्यासाठी गल्ली शेवटपर्यंत बारा फूट मोकळी हवी.

"एंबुलेंस और फायर ब्रिगेड की गाड़ी अंदर तक आनी चाहिए," त्या म्हणाल्या. "आख़िरी घर तक. और वहाँ से मुड़कर वापस भी जानी चाहिए. नहीं तो यह प्लान पास नहीं होगा."

"अन् नाही झाला त?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो दूसरा रास्ता. शहर के उस पार फ्लैट. चार मंज़िल. इस बारिश के पहले तय करना है."

 इथंच राहायचं यावर सगळ्यांचं एकमत व्हायला क्षणही लागला नाही. ओटा कुणी आधी काढायचा, यावर मात्र महिना गेला. प्रत्येकाला शेजाऱ्याचा ओटा रस्त्यात दिसत होता आणि आपला तेवढा घरात. दोघा-तिघांनी तर आपल्या ओट्याचं नावच बदललं, हा ओटा नाहीच, पायरी आहे म्हणे! आणि शेवटी सगळ्यांची बोटं आमच्या घराकडे वळायची: आधी धर्मपालभाऊचा काढा, मग बोला. मामाजी यावर ओट्यावरच बसून पेपर वाचायचे, जरा मोठ्यानं.

आत्याबाई घरोघरी फिरल्या, रागावल्या, भांडल्या. बाकीचे निदान उद्यावर ढकलत होते. गल्लीच्या टोकाला, नाल्याला लागून राहणाऱ्या शांताबाईनं मात्र सरळ नाही म्हटलं. तेही नळावर, दहा बायकांसमोर.

"काहून देऊ मी?" शांताबाई म्हणाली. "तुमच्या दारी बाबासाहेब येते. माया दारी काय येते? पाऊस आला का नालीचं पानी! इतके वर्सं झाले, ट्रॉली कधी आली माया घरापर्यंत? मी एक इंच नाही देत, जाय."

"ट्रॉली थांबाची जागाच ते हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"जागा कोनं ठरवली व? बाबासाहेबानं?"

आत्याबाई तावातावानं घरी आल्या. कणीक अशी तिंबली की मला त्या कणकेचीच दया आली. पोळ्या लाटताना त्यांचं तोंड चालू होतं, शांताबाईच्या सात पिढ्या निघाल्या. मग अचानक बोलणं थांबलं. तव्यावरची पोळी जळायला लागली तरी त्या बाहेर ओट्याकडे बघत राहिल्या.

"दीपमाला," त्या म्हणाल्या, "ट्रॉली इथं थांबते ते मानानं नाही थांबत व. ओट्यायच्या मंधातून समोर जातच नाही म्हनून थांबते."

एवढी साधी गोष्ट. दरवर्षी डोळ्यांसमोर घडणारी. आणि आम्ही सगळे तिला रीत म्हणत होतो. मला हसावं की रडावं कळेना. शांताबाईचा राग आला होता तो पार उतरला, आणि त्या जागी मला लाज वाटली. आत्याबाईंना बहुतेक माझ्यापेक्षा जास्त वाटली असावी, कारण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

जयंतीच्या तयारीची बैठक होती. समितीत बाया फारशा बोलत नाहीत, बुंदी किती आणि शरबत किती एवढंच त्यांना विचारतात. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यंदा ट्रॉली शांताबाईच्या दारापर्यंत जाईन."

अध्यक्ष हसले. "कशी जाईन? मंधात ओटे हायेत."

"मंग काढा."

आता बोला! रस्त्यासाठी ओटा देणार नाही, असं सांगणं सोपं होतं. नालीसाठी नाही, ॲम्ब्युलन्ससाठी नाही, हेही सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण बाबासाहेबांच्या तसबिरीला वाट देणार नाही, हे विहारात, मूर्तीसमोर उभं राहून कोण म्हणणार? एकेक जण खाली सतरंजीकडे बघायला लागला. समोर राहणारा छत्तीसगढी साहूभैया बैठकीत पाहुणा म्हणून बसला होता, तो तेवढा गालात हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी नेहमीप्रमाणे पेपर घेऊन ओट्यावर बसले. आत्याबाई आतून सब्बल घेऊन आल्या, म्हणजे दगड उकरायची लोखंडी पहार. पदर खोचलेला.

"उठा."

"काहून?"

"नाही उठत त नका उठू. तुमच्यासगट फोडते."

सगळी गल्ली दारात आली. मामाजींनी पेपराची घडी घातली, नीट, चारही कोपरे जुळवून, आणि आत निघून गेले. आम्हाला वाटलं, रुसले. आत्याबाईंनी पहिला घाव घातला. फरशी जरासुद्धा हलली नाही. दुसरा घातला, तरी तेच. इतक्यात मामाजी बाहेर आले, हातात घण, अंगात मिलमधला जुना खाकी शर्ट.

"बाजूले हो," ते म्हणाले. "तिकून नाही फुटत. मीनंच बांधला, मले मालूम हाय."

आणि त्यांनी ओटा फोडला. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. घाव घालताना ते एकदाही थांबले नाहीत, पण शेवटचा तुकडा पडला तेव्हा घण टेकवून, घाम पुसायच्या निमित्तानं, बराच वेळ डोळे पुसत राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तोवर साहूभैयानं घरातून कुदळ आणली होती. "हव, महूं टोरत हंव," म्हणजे मीही तोडतो, असं म्हणाला आणि आपल्या ओट्याला भिडला. मग काय, आवाजच आवाज. एकानं सुरू केलं की दुसऱ्याला राहवत नव्हतं. पायरी म्हणणाऱ्यांनीही पायऱ्या काढल्या. आमच्या गल्लीत इतकी धूळ मिलनंही कधी उडवली नसेल.

चौदा एप्रिलला ऊन भाजत होतं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, ताशे. आत्याबाईंनी अनुश्री मॅडमना बोलावलं होतं आणि बजावलंही होतं, "आज मोजाचा टेप नाही आनाचा. आज फक्त पाहाचं." ट्रॅक्टर लोकेश चालवत होता. आमच्या घरापाशी ट्रॉली आली, आणि सवयीनं ताशेवाले थांबलेच!

"थांबले काहून बे? चला समोर!" मामाजी ओरडले.

ट्रॉली गल्लीत शिरली. मी तिच्या मागं चालत होते आणि माझा जीव मुठीत होता. एका ठिकाणी पत्र्याचं छप्पर हातभर बाहेर आलेलं, तिथं पोरांनी पत्रा दोरीनं वर ओढून धरला आणि तसबीर खालून निघाली. म्हाताऱ्या बाया दारातूनच हात जोडत होत्या. काहींना तर मान वर करून बघायचं होतं तेही सुचेना, कारण इतक्या जवळून, आपल्याच दारातून, त्यांनी ती ट्रॉली कधी पाहिली नव्हती. आणि मग शेवटचं घर आलं.

शांताबाई दारात उभी होती. ट्रॉली येईल यावर तिचा विश्वासच नव्हता, त्यामुळे हार नाही की फूल नाही. ती आत पळाली, मेणबत्ती घेऊन आली, पण काडेपेटी आतच विसरली, तेव्हा आत्याबाईंनी काडी ओढून दिली.  मेणबत्ती लागली. "जय भीम"चा असा गजर झाला की नाल्यापलीकडचे लोक गच्चीवर आले.

सगळं झालं, आता परत फिरायचं, तेव्हा लोकेशनं मागं वळून बघितलं आणि कपाळाला हात लावला. ट्रॅक्टर वळवायला जागाच नव्हती. एकीकडे नाला, दुसरीकडे शांताबाईची विटांची न्हाणी. अनुश्री मॅडमचा चेहरा उतरला. "मैंने मीटिंग में कहा था, आंटी," त्या हळूच म्हणाल्या. "मुड़ने की जगह भी चाहिए. एंबुलेंस आएगी तो पेशेंट को लेकर निकलेगी कैसे? ऐसे तो पास नहीं होगा."

सांगितलं होतं खरंच. पण ओट्यांच्या नादात ते कुणाच्या कानातच शिरलं नव्हतं. ताशे थांबले. इतकं फोडलं, इतकं केलं, आणि पुन्हा शहराच्या पार! सगळ्यांना न्हाणी दिसत होती आणि मागायची हिंमत कुणाला नव्हती.  आत्याबाईंकडे भांडायचं काही उरलं नव्हतं, आणि मागणं त्यांना येत नाही.

"उलटी घेतो मंग," लोकेश म्हणाला. "रिव्हर्स में निकाल लेते हैं."

"उलटी?" शांताबाई एकदम पुढे झाली. "बाबासाहेबाले माया दारातून उलट्या पायानं नेता काय रे?"

 शांताबाईनं न्हाणीकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे. न्हाणीत गेली, बादली आणली, घंगाळ आणलं, साबणाची वडीसुद्धा आणली, आणि सगळं माझ्या हातात दिलं.

"धर्मपालभाऊ, तुमचा घन कुठं हाय?" ती म्हणाली. "पाडा ते. तिथंच फिरवा गाडी."

पोरांनी घण आणून दिला, आणि मामाजी पांढऱ्या झब्ब्यातच भिडले. ताशेवाल्यांनी ताशा धरला, घावाबरोबर ठेका पडायला लागला, विटा हातोहात नाल्याकडे गेल्या. अनुश्री मॅडमही विटा द्यायच्या रांगेत उभ्या होत्या, ओढणी कमरेला बांधून. जागा साफ झाल्यावर लोकेशनं ट्रॅक्टर पुढे घेतला, दाबला, मागं घेतला, पुन्हा पुढे घेतला, आणि ट्रॉली फिरली. बाबासाहेबांचं तोंड गल्लीकडे झालं. बाया नाचायला लागल्या. आत्याबाई कधी नाचत नाहीत. त्या दिवशी नाचल्या, आणि फार वाईट नाचल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडम टेप घेऊन आल्या, गल्लीच्या तोंडापासून पार टोकापर्यंत मोजून गेल्या. शांताबाईच्या न्हाणीची जागा नकाशात चौक झाली, आणि तिची नवी न्हाणी घराच्या मागच्या बाजूला सगळ्या गल्लीनं मिळून बांधली, टाइल्स लावून.

पाऊस लागायच्या आधी एका दुपारी मॅडमचा फोन आला. आत्याबाई ऐकत होत्या, हूं हूं करत होत्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी फोन ठेवला, पायात चपलासुद्धा न घालता बाहेर गेल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि गल्लीच्या टोकाकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "शांते! ए शांते! पास झाला व! नाही जात आपन कुठंच!"

टोकाकडून ओरडा आला, "काय म्हनून राहिली?"

"इथंच रायतो म्हटलं! इथंच!"

रात्रपाळीहून येऊन झोपलेली माणसं डोळे चोळत बाहेर आली. भर दुपारी गल्लीत असा ओरडा केला तर एरवी शिव्या बसतात. त्या दिवशी तीच माणसं गल्लीच्या टोकाकडे तोंड करून, शांताबाईला ऐकू जावं म्हणून, आत्याबाईंच्या आवाजात आवाज मिळवून ओरडायला लागली.