कटिंगच्या टेबलावर आत्याबाई

मी तापट आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी ते कळायला वेळ लागला, कारण तिथं मी बोलायचे कमी आणि भांडी जास्त आदळायचे.

सुरतेत पांडेसऱ्याला आमची एकच खोली. नवरा रंगाईच्या मिलमध्ये होता. मिल बंद पडली आणि तो कडोदऱ्याकडे मिळेल तशी हमाली करू लागला. रेशनचे गहू-तांदूळ होते म्हणून चूल पेटत होती, पण नुसत्या धान्यावर घर चालत नाही. अशात रेशन दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये शिवणाचा वर्ग निघाला. ज्यांच्या घरी रेशनचं धान्य येतं अशा बायकांना फुकट शिकवणार, आणि शेवटच्या परीक्षेत पास होईल तिला मशीन घरी नेऊ देणार, वर परकर शिवायचं कामही देणार. मी लगेच नाव घातलं.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "एकली नको जाऊ, मी बी येस." सुनेला परक्या ठिकाणी एकटीला पाठवायचं नाही, ही खानदेशातली रीत त्यांनी सुरतेत उभा जन्म काढूनही सोडली नव्हती. दुसरी रीत त्याहून जड होती. सासू खाली बसलेली असताना सुनेनं उंच जागी बसायचं नाही. खाट नाही, खुर्ची नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला तसं वागताना पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

आता पायाचं मशीन काही जमिनीवर बसून चालत नाही. त्याला स्टूल लागतं. आत्याबाईंना स्टुलाची भीती. पाय अधांतरी झाले की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. त्या खाली सतरंजीवर बसून दोरे कापायच्या, आणि त्यांच्या शेजारी बसून मी हातशिलाई करायचे. त्या पाणी प्यायला उठल्या की मी टुणकन स्टुलावर, चपलांचा आवाज आला की टुणकन खाली. माझी तुरपाई बघायला बायका यायच्या. मशीनवरची शिवण मात्र गटारीच्या पाण्यासारखी वाकडीतिकडी जायची.

शिकवणाऱ्या गुजराती बेन एक दिवस आत्याबाईंवरच कडाडल्या. "तमारी वहु नापास थशे, माजी! तमे अहीं बेठा होव त्यां सुधी ए मशीनने अडती ज नथी."

आत्याबाईंना गुजराती उत्तम कळतं, भाजीवाल्याशी त्या त्याच भाषेत भांडतात. तुम्ही इथं असेपर्यंत सून मशीनला हात लावत नाही, अशानं ती नापास होईल, हे त्यांना लख्ख समजलं. घरी येऊन त्यांनी मुकाट्यानं भाकर खाल्ली. माझं डोकं सणकलं होतं. बेनवर, त्या रीतीवर, आणि ऐन वेळी वाकणाऱ्या माझ्या गुडघ्यांवर. चारचौघींत घराची शोभा झाली म्हणून आत्याबाई रागावल्यात, असंच मी धरून चालले.

परीक्षेच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आज घरीच राहता का?" त्यांनी सरळ चप्पल घातली.

हॉलमध्ये सगळ्या आपापल्या मशीनवर बसल्या. परकर शिवून त्याला नेफा लावायचा होता. मी स्टुलाजवळ उभी. आत्याबाई सतरंजीकडे गेल्याच नाहीत. मधोमध कापड कापायचं उंच टेबल होतं, तिथं गेल्या, मदतीला उठलेल्या दोन बायकांच्या खांद्यांवर हात टाकले आणि लुगडं सावरत चढून बसल्या. पाय लोंबकळत होते. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली, आणि चेहरा पांढराफटक.

"माजी, नीचे उतरो, पडी जशो!" बेन ओरडल्या.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आते मी वर शे, तू खाले शे. बठ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "उतरा आधी! पडाल! बाहेर गॅलरीत बसा ना थोडा वेळ."

"आज बाहेर बठसू. मशीन घरमा येई तवय मी कथा जासू?"

एका खोलीच्या घरात त्या कुठे जाणार होत्या? मी परीक्षेच्या पलीकडचा विचारच केला नव्हता. त्यांनी केला होता, ती भाकर मुकाट्यानं खाताना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मना जलम खाले बठामा गया. तुना नको जावाले."

मी बसले. डोळ्यांतल्या पाण्यानं कापड नीट दिसत नव्हतं, तरी पाय चालत राहिले. मान वर केली की त्या दिसायच्या, घाबरलेल्या आणि ताठ. परकर पुरा झाला. बेननी नेफ्यावरून बोट फिरवलं आणि "पास" म्हणाल्या.

आत्याबाईंना मात्र उतरता येईना. गुडघे आखडले होते. बायका हसायला लागल्या, त्याही हसल्या. मी पुढे होऊन त्यांना कंबरेत धरलं आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. मी त्यांच्या पाया पडले होते, त्यांचं डोकं चेपलं होतं, पण त्यांना असं कवेत कधी घेतलं नव्हतं. पाय जमिनीला टेकले तरी त्यांनी गळ्यातले हात काढले नाहीत. मीही त्यांना सोडलं नाही.