डाव्या कडेचं बटण

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहाचा कप जरा खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता!

तर मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत आहे. पार्किंगवाल्याच्या हातात पावती काढायचं मशीन असतं ना, त्याची बाहेरची प्लास्टिकची बॉडी मी डिझाइन करतो. आतलं सगळं, म्हणजे बॅटरी, सर्किट, पावतीचा रोल, कांबळे मॅडमकडे. दोन वर्षं मी कंत्राटावर होतो. साहेब म्हणाले होते, "हे मशीन तावडेंनी पास केलं, की तू पर्मनंट." तावडे म्हणजे पार्किंगचे मोठे ठेकेदार. भांडुपला आमच्या आईने हे ऐकलं आणि पेढे कुठल्या दुकानातून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकलं.

मॅडमनी पावतीचं बटण उजव्या कडेला दिलं होतं. मी नमुना हातात धरला, तर अंगठा पोचेचना!

"मॅडम, हे डाव्या कडेला घ्या ना."

"डाव्या कडेला बॅटरी आहे रे. बटणाच्या मागे स्विच बसायला जागा लागते. बटण कुठे येणार ते आतलं सामान ठरवतं, तू नाही."

"मग बॅटरी सरकवा."

"बॅटरी सरकवली की सर्किट फिरवायचं, सर्किट फिरवलं की रोलची वायर पुरत नाही. वन बीएचकेमध्ये फ्रिज हलवून बघ एकदा, म्हणजे कळेल. आणि माझ्या हातात तर हे झकास बसतंय!"

आता मी गप्प बसावं की नाही? मी काय म्हणालो माहितीये? "तुम्ही सर्किटवाले! माणसाचा हात कसा चालतो ते तुम्हाला काय कळणार?"

तीन आठवडे खपून मॅडमनी आतला सगळा संसार उलटा मांडला. नवीन मशीन तयार झालं ते थेट तावडेंबरोबरच्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी. मी म्हटलं, मी घरी नेऊन टेस्ट करतो. मोठा सायंटिस्ट!

घरी बाबांनी धरलं. बाबा आमचे अस्सल मालवणी, आयुष्य गिरणीत गेलेलं. म्हणाले, "बरा बसता रे हातात!" बहीण स्मिता म्हणाली, "एकदम मस्त." आईने नुसतं उचललं आणि मशीन खर्रकन पावती ओकायला लागलं.

"अगं आई, तुला धरता येत नाही!" मी मशीन काढून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'प्रत्यक्ष वापरात चाचणी यशस्वी.' आईला मोजलंच नाही!

दुसऱ्या दिवशी मीटिंग. तावडेंनी मशीन हातात घेतलं मात्र, खर्रर्र! पावती. मग दुसरी. मग तिसरी. ते बिचारे दचकून आणखी घट्ट धरतायत, आणि मशीन आणखी जोरात छापतंय. साहेबांनी हिसकावून घेतलं. त्यांच्याही हातात खर्रर्र! मॅडमनी घेतलं, तिथेही तेच. टेबलावर पावत्या, मांडीवर पावत्या, साहेबांच्या चहात एक पावती.

मी मशीन घेतलं. गप्प! एकदम आज्ञाधारक.

आता शहाण्या माणसाला इथे तरी शंका यावी ना? मी छाती पुढे काढून म्हणालो, "बघा सर, मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाही. तुमची पकड चुकतेय."

"माझी पकड?" तावडे म्हणाले. "तीस वर्षं पावत्या फाडतोय मी!"

"सवय बदलायला लागेल, सर. हे असं धरायचं." आणि चक्क मी ठेकेदाराला मशीन धरायला शिकवू लागलो! पुन्हा खर्रर्र! शेवटी रोलच संपला, तेव्हा कुठे शांतता झाली. साहेब माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेत पर्मनंट हा शब्द कुठेच नव्हता.

इतक्यात कांबळे मॅडमनी एक पावती आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "प्रशांत, यावर जरा सही कर."

मी केली.

"तू डावरा आहेस?"

"हो."

"अरे पण जेवतोस तर उजव्या हाताने! दोन वर्षं तुझ्यासमोर बसून डबा खातेय मी!"

"ते आजीने लहानपणी हातावर पळी मारून शिकवलं. जेवायचं तेवढं उजव्याने. बाकी आमच्या घरात बाबा, मी, स्मिता, सगळेच डा..."

बोलता बोलता मी मशीन डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं. डाव्या हातात धरलं की बटण अंगठ्याखाली. उजव्या हातात धरलं की तेच बटण चार बोटांच्या मुठीत! घरात उजव्या हाताची एकटी आई, आणि तिलाच मी नापास केलं होतं!

बटण आधी उजवीकडे होतं आणि कुणाच्या हट्टाने डावीकडे आलं, ते मॅडमनी सांगितल्यावर तावडे इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचं ते आधीचं दाखवा." उजव्या कडेच्या बटणाचं मशीन त्यांनी तिथल्या तिथे पास केलं. मॅडम पुढे आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. फक्त डबा खाताना माझ्या दोन्ही हातांवर नजर ठेवून बसायच्या.

आणि नोकरीचं म्हणाल, तर झालो ना पर्मनंट! पेढेसुद्धा वाटले. आता कंपनीचं प्रत्येक नवीन मशीन सगळ्यात आधी माझ्या हातात देतात. मी धरून बघितलं आणि म्हणालो, "वा, एकदम सोयीचं आहे!" की कांबळे मॅडम निमूटपणे बटण दुसऱ्या बाजूला घेतात.